दुसऱ्या कडव्यातला नळ

आमच्या घरच्या एका गाण्यात नळ आहे. गाण्याच्या शब्दांत नाही, गाण्यात. पहिलं कडवं संपतं, बासरीचा एक छोटा तुकडा येतो, दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ अर्धी होते न होते तोच मागून माझी आजी ओरडते, "अरे तो नळ बंद करा कुणीतरी!" मग कुणाची तरी पावलं वाजतात, आणि गाणं आपलं पुढे चालू राहतं.

त्याचं झालं असं, 1986 च्या आसपास बाबांनी टेपरेकॉर्डर आणला. रेडिओ आधीचाच, जुना. टू-इन-वन वगैरे प्रकरण आमच्याकडे बरंच नंतर आलं. त्यामुळे रेडिओवरचं गाणं टेप करायचं म्हणजे टेपरेकॉर्डर उचलून रेडिओच्या तोंडाशी नेऊन ठेवायचा, लाल बटण आणि प्लेचं बटण एकदम दाबायचं आणि घरातल्या सहाही माणसांनी पुतळे होऊन बसायचं. बाबा मधोमध ओठांवर बोट ठेवून उभे. शिंक आली तर उशीत तोंड खुपसून शिंकायची. आजीला हा सगळा प्रकार मान्यच नव्हता, गाणं काय परत लागेल पण पाणी वाया गेलं ते गेलंच असा तिचा सरळ हिशोब, त्यामुळे तिने ऐन गाण्यात आवाज दिला आणि ती त्या गाण्याची कायमची सहगायिका झाली.

बरं, ते गाणं पूर्णही नाहीये. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटं, आणि हे गाणं बाजूच्या अगदी टोकाला आलेलं. तिसरं कडवं सुरू होणार तेवढ्यात खट्ट. बटण वर. त्यामुळे कित्येक वर्षं माझ्या लेखी त्या गाण्याला दोनच कडवी होती. कॉलेजात गॅदरिंगला एकीने ते गाणं म्हटलं आणि दोन कडवी झाल्यावर ती थांबेचना, तेव्हा मला वाटलं ही मनानेच काहीतरी जोडतीये.

गाणं कुठलं ते सांगत नाही. सांगितलं की तुम्ही लगेच मोबाईलवर लावून बघणार, त्यात नळ नसणार, आणि मग तुम्हाला वाटणार की बरंय गाणं, पण एवढं काय आहे त्यात.

हे सगळं आत्ता वर यायचं कारण माझी मुलगी. एकोणीस वर्षांची आहे. परवा आरशासमोर केस विंचरत ती काहीतरी गुणगुणत होती, नुसता तोंडाला चाळा म्हणून नाही, त्या गाण्याचं हिच्याशी काहीतरी नातं आहे हे लांबून कळावं इतकं मन लावून. आणि मला ती चाल ओळखता आली नाही. मग मी आठवत बसले की हिच्या आवडीची कुठली कुठली गाणी मला येतात. एकही नाही. नावं माहितीयेत, बीटीएस माहितीये, त्या सात जणांपैकी दोघांचे चेहरे ओळखते (तेही केसांच्या रंगावरून, आणि ते रंग बदलतात), पण चाल म्हणाल तर शून्य. तिला रडू येतं तेव्हा ती काय लावते हे मला माहीत नाही.

आणि माझ्या बाबांची सगळी गाणी मला येतात. बाबांचीच काय, आजोबांचीही येतात. यात माझं कौतुक काहीही नाही. मला कुणी विचारलंच नव्हतं.

आजोबा आंघोळीला शिरले की नाट्यपदं सुरू व्हायची. तांब्या आपटायचा तो समेवर. म्हणजे त्यांचा तसा दावा होता. संगीत नाटकाचा खरा बहर त्यांनी पाहिला नव्हता, 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं 1880 साली, 'मानापमान' 1911 साली, आणि आजोबा हाफ पँटमधून बाहेर पडेपर्यंत बोलपटांनी नाटक कंपन्यांचा घास घ्यायला सुरुवात केलेली. पण लहानपणी एकदा त्यांच्या मामांनी त्यांना बालगंधर्वांच्या नाटकाला नेलं होतं. रात्रभराचं नाटक, सात-आठ वर्षांचं पोर, अर्धा वेळ झोपलेलं. ते सांगायचे की मी प्रत्येक वन्स मोअरला जागा व्हायचो आणि परत झोपायचो, त्यामुळे मला नाटकाची गोष्ट शेवटपर्यंत कळली नाही पण पदं दोन-दोनदा ऐकायला मिळाली.

त्या वन्स मोअरचा मी आता वेगळा विचार करते. गाणं परत ऐकायचं असेल तर त्या काळी तेवढी एकच सोय होती. रिपीटचं बटण म्हणजे तुमचा घसा, आणि तुम्ही एकट्याने ओरडून भागत नाही, बाकीच्या पाचशे लोकांनाही तेव्हाच तेच परत ऐकावंसं वाटलं पाहिजे. आणि गाणाराही परत गाताना तेच तसंच गाणार नाही, काहीतरी नवीन जागा घेणार. आमच्या आजोबांच्या पिढीला "सेम टू सेम गाणं" ही कल्पनाच उशिरा मिळाली.

ती दिली तबकडीने. 1902 साली कलकत्त्यात फ्रेड गाइसबर्ग नावाचा रेकॉर्डिंग करणारा इंजिनियर आला आणि त्याने गौहर जानचं गाणं तबकडीवर घेतलं. त्या जुन्या रेकॉर्डच्या शेवटी ती इंग्रजीत, जवळजवळ ओरडून, आपलं नाव सांगते, माय नेम इज गौहर जान. तबकड्या छापायला जर्मनीत जायच्या, तिथल्या माणसाला कळणार कसं की हे कोण गातंय, म्हणून. मला हे प्रचंड आवडतं. एवढी मोठी गायिका, आणि शेवटी पार्सलवर पत्ता लिहितात तसं स्वतःचं नाव. आणि वेळ किती, तर तीन मिनिटांच्या आसपास. तेवढंच तबकडीच्या एका बाजूवर मावायचं. ज्या रागाला तासभर लागतो तो तीन मिनिटांत उरकायचा. हे असं ऐकून ऐकून गाणं म्हणजे तीन-चार मिनिटांचीच वस्तू असते हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलं की तबकडी गेली, तिच्यानंतर आलेलं सगळं गेलं, आता फोनमध्ये जागाच जागा आहे, तरी गाणं आपलं तेवढंच. आमच्या गाण्याचं तिसरं कडवं कॅसेटने कापलं तर मी एवढी वाईट वाटून घेते, पण त्याआधी किती जणांचं काय काय कापलं गेलं असेल.

बाबा 1945 चे. त्यामुळे 'गीतरामायण' आलं तेव्हा दहा वर्षांचे. 1955 ते 56, आकाशवाणीचं पुणे केंद्र, दर आठवड्याला एक नवीन गीत, एकूण छप्पन्न. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल लावायची, असं वर्षभर. आमच्याकडे तेव्हा रेडिओ नव्हता, शेजारी होता. शेजाऱ्यांच्या ओटीवर गर्दी व्हायची आणि उशिरा येणाऱ्याला उंबऱ्याबाहेर चपलांमध्ये बसावं लागायचं. बाबा नेहमी चपलांमध्ये. "माझा राम चपलांच्या वासात जन्मला," असं ते म्हणतात आणि मग आपणच जीभ चावतात. नंतर सगळी गाणी बाबूजींच्याच आवाजात घरोघर गेली, पण पहिल्यांदा रेडिओवर ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायलेली होती, आणि बाबांना तीच खरी वाटतात. हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही.

पण हे त्यांचं ऑफिशियल उत्तर. पाहुण्यांसमोर द्यायचं. त्यांचं खरं गाणं सिलोनवर होतं.

1952 मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. हेतू असा की जनतेच्या कानाला चांगलं वळण लागावं, शास्त्रीय संगीत ऐकावं लोकांनी. लोकांनी काय केलं, रेडिओची सुई सरकवली. श्रीलंकेतून रेडिओ सिलोन लागायचं, त्याच वर्षाच्या शेवटी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि अमीन सयानींच्या त्या "बहनों और भाइयों"ने बुधवारची संध्याकाळ कायमची ताब्यात घेतली. सरकारला हे समजायला पाच वर्षं लागली, 1957 च्या ऑक्टोबरमध्ये विविध भारती आली. म्हणजे बघा, ज्या गाण्यांना आमचे बाबा आणि त्यांच्या वयाचे सगळे "आमचा सुवर्णकाळ" म्हणतात, ती त्यांनी एका बंदीमुळे परदेशी स्टेशनवर, खरखरीतून, कान रेडिओला चिकटवून ऐकली. मला तर वाटतं निम्मा सुवर्ण त्या खरखरीचाच आहे.

आजोबांना अर्थात ते पसंत नव्हतं. ते म्हणायचे ही काय गाणी, अर्ध्या मिनिटात तोंड आणि अडीच मिनिटांत शेपूट. पण उठून जाणार कुठे? खोल्या दोन, रेडिओ एक. ते तिथेच बसून रागवत राहायचे आणि रागवता रागवता त्यांना चाली पाठ झाल्या. मी लहान असताना आंघोळीत नाट्यपदाच्या मधोमध ते एका सिनेमाच्या गाण्यात घुसायचे, लक्षात आलं की खोकायचे आणि परत पदावर यायचे. तसंच बाबा नाट्यपदांना नाकं मुरडत मोठे झाले आणि सगळी पदं त्यांना येतात. आणि या दोघांच्या मधल्या भांडणात मी वाढले, म्हणून मला दोन्ही येतात. आवडनिवड नंतरची गोष्ट. गाणं आधी कानात गेलेलं असायचं.

माझी पिढी कॅसेटची. (कॅसेटवर लिहिताना पेन्सिलीचा उल्लेख करावाच लागतो, तो केला असं समजा.) कॅसेट फिलिप्सने 1963 मध्येच काढली होती पण आपल्याकडे तिचं राज्य आलं ऐंशीच्या दशकात. आणि इथे एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. "आमच्या पिढीची गाणी" म्हणून ज्या याद्या फिरतात ना, त्यात ठरलेली दहा-पंधरा भावगीतं असतात, ठरलेली हिंदी गाणी असतात, शेवटी 'गारवा' असतो. मीही असल्या यादीखाली बदाम टाकलेले आहेत. एकदा शाळेतल्या मैत्रिणीने, आम्ही आठ वर्षं एका बाकावर बसलोय, शांतपणे लिहिलं, "यातलं आमच्याकडे एकही वाजायचं नाही."

त्यांच्याकडे वाजायचे वामनदादा कर्डक. प्रल्हाद शिंदे. विठ्ठल उमप. भीमगीतं, आणि नंतर आनंद शिंद्यांच्या पोपटाने तर सगळा मुलूखच दणाणून सोडला, तो आम्हालाही ऐकू यायचा पण आमच्याकडे खिडकी लावून घ्यायचे. रेडिओवर गायचं तर ऑडिशन, मग ग्रेड, मग तिथल्या माणसांची पसंती. कॅसेटला यातलं काही लागत नव्हतं. पैसे जमवून रेकॉर्डिंग करा, कॉप्या काढा, विका. ज्यांचा आवाज रेडिओच्या दारातून आत गेला नसता त्यांचा आवाज कॅसेटने गावोगाव नेला. म्हणजे एकाच इयत्तेत, एकाच बाकावर, एकाच वयाच्या आम्ही दोघी, आणि दोघींची पिढी वेगळी. "आमची पिढी" असं म्हणताना तेव्हापासून मी जरा चाचरते. खिडकी लावून घेतली हे मला आठवतंय, आणि ते आठवायला नको होतं असंही वाटतं.

तर भिंतीपलीकडचं ऐकू यायचं, हा मुद्दा. आवडो न आवडो, खिडकी लावली तरी ढोलकी यायचीच.

हे कुठे थांबलं? सोनीचा पहिला वॉकमन 1979 च्या जुलैमध्ये आला. त्याला हेडफोन लावायला दोन भोकं होती. दोन! आणि वर एक केशरी बटण, ते दाबलं की गाणं बारीक व्हायचं आणि दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. म्हणजे ज्यांनी ते यंत्र बनवलं त्यांना गृहीतच होतं की माणूस एकटा कशाला गाणं ऐकेल, सोबत कुणीतरी असणारच. पुढे ते बटण गेलं, हळूहळू दुसरं भोकही गेलं. आम्ही कॉलेजात एकाच इयरफोनचं एक टोक तिच्या कानात आणि एक माझ्या असं करून ती उणीव भरून काढली, डोक्याला डोकं लावून बसावं लागायचं, वायर आखूड. आता तर वायरही नाही.

यावर एक अभ्यास आहे, कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रमहान्सल यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेला. विशीतल्या मुलांना त्यांनी गेल्या काही दशकांतली गाजलेली गाणी ऐकवली आणि विचारलं कुठली ओळखीची वाटतात, कुठल्या गाण्यांशी आठवणी जोडलेल्या आहेत. स्वतःच्या वयातली गाणी आली ते सोडा, पण आईवडील तरुण असतानाच्या गाण्यांशीही त्यांचा जीव जोडलेला निघाला, आणि त्याही मागे, आजीआजोबांच्या वयाच्या काळातली गाणीसुद्धा. म्हणजे आमच्या आजोबांच्या आंघोळीचाच हा अमेरिकन पुरावा. पण ही मुलं ज्या घरांत वाढली तिथे बहुतेक स्पीकरवर गाणी वाजत असणार. मी गाडीत लावते तेव्हा माझी मुलगी कानात पांढरी बोंडं घालून खिडकीबाहेर बघते. तिला माझी गाणी येतील का, आणि मला तिची? दुसऱ्याचं उत्तर तर कळलेलंच आहे.

मला वाटतं आमच्या घरात सगळ्यांना एकदम आलेलं शेवटचं गाणं म्हणजे 'झिंगाट'. 2016. त्याआधी आणि त्यानंतर हिट गाणी ढिगाने झाली, 'गुलाबी साडी'वर तर जगभरातून रील आल्या, पण ती प्रत्येकाने आपापल्या फोनमध्ये, आपापल्या अंगठ्याने बघितली. 'झिंगाट' मात्र अंगावरच यायचं. पुतण्याच्या लग्नात एकाहत्तर वर्षांचे बाबा, दहा वर्षांची माझी पोरगी आणि मी, तिघं एका गोलात. बाबांच्या पायात नाटकातली चाल होती, पण नाचले. आणि घरी येऊन म्हणाले, "काय ते आजकालचं संगीत." अगदी आजोबांच्या आवाजात.

आता नळाकडे येते.

ती कॅसेट मागच्या महिन्यात वाजेनाशी झाली. म्हणजे मी वर्षातून एकदा ती लावते, आणि या वेळी नुसता पुसट, पाण्याखालून आल्यासारखा आवाज. मी तर हायच खाल्ली. मुलीने कानातलं बोंड काढून विचारलं, काय झालं. दाखवलं. तिने यूट्यूबवर कुठल्यातरी परदेशी आजोबांचा व्हिडिओ शोधला, मग माझ्याकडून चष्म्याचा बारीक स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला. कॅसेटला पाच स्क्रू असतात हे मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं. आत टेप ठीक होती, पण हेडवर टेप दाबून धरणारा जो छोटासा लोकरीचा तुकडा असतो पितळी पट्टीवर, तो वाळून गळून पडला होता. वाटाण्याएवढा तुकडा, आणि त्याच्यावाचून आजी मुकी. तिने दुसरी एक फालतू कॅसेट उघडली, आमची दोन्ही रिळं उचलून तिच्या पोटात बसवली, टेप नखाने रोलरवरून ओवून घेतली आणि परत स्क्रू लावले. सगळा वेळ जीभ बाहेर. बाबा रेकॉर्डिंग करताना अशीच जीभ बाहेर काढायचे.

मग तिने ती लॅपटॉपला जोडून पूर्ण बाजू रेकॉर्ड करून घेतली, आणि दोन दिवस खोलीचं दार बंद.

रविवारी तिने आम्हाला बोलावलं. बाबांना हल्ली कमी ऐकू येतं, त्यांचं कानाचं मशीनही ब्लूटूथचं आहे, फोनवरचं गाणं सरळ त्यांच्या कानात जातं आणि आम्हाला फक्त त्यांची बोटं हलताना दिसतात. घरात आता सगळेच बंद कानांचे. पण तिने ते मोबाईलला जोडू दिलं नाही. "नाही आजोबा, स्पीकरवरच," म्हणाली, आणि तो टेबलाच्या मधोमध ठेवला.

सुरुवातीला नुसतीच टेपची सूं सूं. मग ढप ढप असा सावकाश ठेका. मग आमची बासरी, पण खोल, लांबवलेली. मला खरं सांगायचं तर पहिलं अर्धं मिनिट रागच आला, काय केलंय हिने गाण्याचं म्हणून. आणि मग ठेका थांबला आणि आजी आली. अरे तो नळ. अरे तो नळ. अरे तो नळ बंद करा कुणीतरी. त्यावर ठेका परत सुरू, आणि आजीचं "कुणीतरी" हळूहळू विरत जातं, परत येतं.

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी बाबांकडे.

बाबा खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन अर्धे उठले होते, मोरीच्या दिशेने मान वळवून.

"बसा बाबा," मी म्हटलं, "बंद आहे नळ."